रुतलेली पोकलेन, जेसीबी, रोलर सुखरूप बाहेर कसे काढायचे?

निफाडकडच्या काळ्या रानात जूनचा पहिला दणक्याचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजतो. वाक्य ठरलेलं असतं: "दादा, मशीन बसली. वायररोप आहे का?" फावडी किती आहेत, पाण्याचा पंप आहे का, ओंडके कुठे मिळतील, हे कोणी विचारत नाही. निम्मी आयुष्यं मशिनीवर काढलेली माणसंही आधी दोरच शोधतात. माझा अनुभव असा की दोर ताणायच्या आधीच्या दोन-तीन तासांत मशीन निघणार की नाही हे ठरलेलं असतं. त्या वेळात तिच्याखालून, भोवतालून किती चिखल काढला, किती दगड-मुरूम टाकला, तेवढाच हिशेब. म्हणून या लेखात दोर बराच उशिरा येईल.

आधी जमीन ओळखा

आपल्या नाशिक जिल्ह्यात मशीन रुतण्याच्या जागा एकसारख्या नाहीत आणि उपायही एकसारखा नाही.

निफाड, येवला, सिन्नरचा सखल भाग, गोदाकाठ, कादवाकाठ इथे खोल काळी माती. पाणी प्यायली की फुगते, ट्रॅकला लोण्यासारखी लागते आणि मशीनच्या पोटाला चिकटली की सोडत नाही. इथे वजनापेक्षा चिकटण्याचा, खालून खेचून धरण्याचा त्रास मोठा.

इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे पाऊस भरमसाट, भातखाचरांत पाणी साचलेलं. पण बऱ्याच ठिकाणी दोन-चार फुटांवर मुरूम किंवा कातळ लागतो. मशीन तिथपर्यंत जाते आणि थांबते. दिसायला भयंकर, काढायला त्या मानाने सोपी.

तिसरी जागा सगळ्यांत फसवी: तलावातला गाळ. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून एप्रिल-मेमध्ये तलावात पोकलेन उतरवणं नित्याचं झालंय. वर वाळून भेगा पडलेला पापुद्रा, खाली रेंदा. माणूस चालतो, मोटरसायकल जाते, हायवासुद्धा (माल ओतणारा मोठा ट्रक) एखादी फेरी मारतो आणि दुसऱ्या फेरीला पापुद्रा फुटतो. अशा ठिकाणी उतरण्याआधी पहार मारून बघा. एका माणसाच्या जोराने पहार दोन फूट सरळ आत गेली तर तिथे वीस टन न्यायचे नाहीत, मग मालक कितीही घाई करो.

शहरात वेगळंच. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, गटारं, पाइपलाइन यांची कामं चाललीत. भरलेल्या चरावर वरून खडी दिसते, पण खालची भरती दाबलेलीच नसते. रोलरचं एक चाक किंवा हायवाचा मागचा जोड तिथे बसतो. तिथे ओढायला हात लावण्याआधी खालून पाण्याची, गॅसची की विजेची लाइन गेली आहे हे विचारून घ्या. मशीन आधीच लाइनवर टेकलेली असेल तर ओढताना ती लाइन फाटेल.

पहिली दहा मिनिटं

रुतल्याचं कळताच ऑपरेटरने ॲक्सिलरेटर सोडायचा. एवढंच. पण हेच होत नाही. बाहेर चार माणसं "अजून थोडं मार, निघतेय" म्हणत असतात आणि प्रत्येक फेऱ्याला ट्रॅक एक वीत खाली जातो. ट्रॅक किंवा चाक फिरतंय आणि मशीन पुढे सरकत नाही, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा करायचं नाही. घोट्याएवढी रुतलेली मशीन पोटावर बसते ती याच पाच मिनिटांत.

मशीन कलली असेल तर बूम (मशीनचा मोठा हात) फिरवू नका. आधी बकेट कललेल्या बाजूला जमिनीवर टेकवून आधार घेता येतो का बघा. तेही जमत नसेल तर ऑपरेटरने वरच्या बाजूने उतरायचं, कधीच कललेल्या बाजूने नाही. शेततळ्याच्या किंवा विहिरीच्या काठावर असाल तर सगळ्यांना काठापासून लांब करा. मशीनच्या थरथरीने कड ढासळते.

नदीपात्रात असाल तर वर धरणातून विसर्ग सुरू आहे का, ते तलाठ्याला किंवा पाटबंधारे खात्याच्या माणसाला विचारा. गंगापूर, दारणा भरली की पाणी सोडायची वेळ कोणाच्या सोयीने ठरत नाही. पाणी चढणार असेल तर माणसं बाहेर, मशीनचा विचार नंतर. आणि वर बघा. शेतातल्या विजेच्या तारा झोळ खाऊन इतक्या खाली आलेल्या असतात की बूम उचलला की गाठ पडते. तारा जवळ असतील तर महावितरणला सांगून लाइन बंद करून घेतल्याशिवाय बूम हलवायचा नाही. बंद केली असं कोणी तोंडी सांगितलं म्हणून नाही, वायरमन जागेवर येऊन सांगेल तेव्हा.

स्वतःच्या ताकदीवर बाहेर

पोकलेनला देवाने एक हात दिलाय. पन्नास टक्के वेळा तेवढ्यावर काम होतं.

एकच ट्रॅक रुतला असेल तर वरचा भाग त्या बाजूला काटकोनात फिरवा. बूम आणि आर्म (बूमच्या पुढचा, बकेट धरणारा हात) यांच्यातला कोन ९० ते ११० अंश ठेवा आणि बकेटचा गोल पाठीचा भाग जमिनीवर टेकवून दाब द्या. दात खाली रोवायचे नाहीत. दात रुततात, बकेटची पिन वाकते. बकेटखाली जाड फळी किंवा रेल्वेचा स्लीपर घातला तर ती स्वतः खाली जात नाही. ट्रॅक उचलला गेला की त्याला हवेतच पुढे-मागे फिरवा, साचलेला चिखल झडतो. मग त्याखाली ओंडके सरकवा, मशीनच्या लांबीला आडवे, शेजारी शेजारी. खाली हात घालून ओंडका बसवायचा नाही, लांब बांबूने किंवा पहारीने ढकलायचा. उचललेली मशीन हायड्रॉलिकवर उभी आहे, एक होज (तेलाचा पाइप) गेला की खाली येते. ही एक गोष्ट मी नव्या हेल्परला पहिल्या दिवशी सांगतो आणि दुसऱ्या दिवशी परत सांगतो.

दोन्ही ट्रॅक बसले असतील तर दोन्हीकडे हेच करून घ्या. मग बकेट शक्य तितकी लांब पुढे घट्ट जमिनीत रोवून आर्म आत ओढत सावकाश ट्रॅक चालवा. मशीन हाताने स्वतःला ओढते. एका वेळी दोन-तीन फूट. घाई केली की ओंडके मागे फेकले जातात.

जेसीबीलाही दोन हात आहेत: पुढचा लोडर आणि मागचा हो (खणायचा हात). लोडरचं बकेट खाली दाबून पुढची चाकं उचला, मागचे स्टॅबिलायझर (टेकू देणारे पाय) फळीवर टेकवून मागची उचला, चाकाखालच्या खड्ड्यांत डबर भरा आणि मग हो मागे टेकवून ढकला. खडी वापरू नका. बारीक खडी काळ्या मातीत चणे टाकल्यासारखी गायब होते. निम्म्या डोक्याएवढा दगड, वर मुरूम.

चिखल काढणं

आता खरं काम. पोट टेकलं असेल तर मशीनला खालचा चिखल धरून ठेवतो. त्या चिखलात हवा जाईल असा रस्ता करायचा. मशीनच्या दोन्ही बाजूंनी ट्रॅकपेक्षा थोडा खोल चर काढा, ट्रॅकच्या बाहेर फूटभर अंतर ठेवून. खाली साचलेलं पाणी पंपाने उपसा. मग ज्या दिशेने काढायची आहे तिकडे ट्रॅकच्या तळापासून वरपर्यंत उतार कापा. उतार जितका लांब आणि सपाट तितका दोरावरचा ताण कमी. उभ्या भिंतीतून वीस टन वर ओढायचे म्हणजे दोराला फाशी देण्यासारखं आहे.

काळी माती पोटाला अगदी चिकटली असेल तर लांब लोखंडी पाइप पोटाखालून आरपार घालून त्यातून पाणी सोडा. ड्रिपची मोटर आणि एक इंची पाइप पुरतो. पाण्याबरोबर हवा शिरते आणि पकड सुटते. बाहेरून ऐकलं तर चपलीतून पाय काढल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की मी निम्मा निश्चिंत होतो.

उताराच्या तळाशी डबर, त्यावर मुरूम, त्यावर ओंडके. निलगिरीचे चालतात, बाभळीचे उत्तम. द्राक्षबागेतले जुने सिमेंटचे खांब आणून टाकणारे महाभाग असतात. ते मध्येच मोडतात आणि आतली तार ट्रॅकमध्ये अडकते.

किती जोर लागेल?

ढोबळ पण कामाचा हिशेब. लष्करी वाहनं ओढून काढताना वापरतात त्याच धर्तीचा आहे, मी तो आपल्या मशिनींना लावतो. चिखल चाकाच्या किंवा ट्रॅकच्या मध्यापर्यंत असेल तर मशीनच्या वजनाएवढा जोर धरा. पोट टेकलं असेल तर दुप्पट. टर्नटेबल (ज्यावर वरचा भाग फिरतो ती चकती) किंवा केबिनपर्यंत चिखल आला असेल तर तिप्पट. वर चढ असेल तर चढाच्या दर अंशाला वजनाचा साठावा भाग आणखी मिळवा. म्हणजे १५ अंशांच्या चढाला वजनाचा पाव हिस्सा.

आता बेरीज करा. वीस टनी पोकलेन पोटावर बसलीय, समोर १५ अंशांचा चढ. ४० अधिक ५, म्हणजे ४५ टन. साइटवरच्या कुठल्याही दोराच्या आवाक्याबाहेर. हा आकडा छातीत धडकी भरवण्यासाठीच आहे. तीच मशीन खणून, पोट मोकळं करून, चढ सपाट करून आणि तिचे स्वतःचे ट्रॅक हळू फिरवत ओढली तर काम दहा टनांच्या आसपास येतं. ३५ टन कमी केले ते फावड्यांनी.

दुसरी बाजू ओढणाऱ्याची. साडेसात-आठ टनी जेसीबी ओल्या काळ्या रानात जेमतेम तीन-चार टनांची ओढ देतो, कारण त्याची चाकंच घसरतात. वीस टनी पोकलेन घट्ट मुरमावर पंधरा-अठरा टनांपर्यंत ओढू शकते, ओल्यात त्याच्या निम्मी. म्हणून रुतलेल्या पोकलेनला जेसीबी लावणं म्हणजे बैलाला शेळी जुंपणं.

ट्रॅक्टरबद्दल स्वतंत्र सांगतो. शेतकरी चांगल्या मनाने दोन ट्रॅक्टर घेऊन येतो. "आपलेच आहेत, लावा." लावू नका. ट्रॅक्टरला दोर मागच्या ॲक्सलच्या वर कुठेही बांधला आणि समोरचं हललं नाही तर पुढचं टोक उचललं जातं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. चिखलातला जेसीबी हलवायलासुद्धा मी ट्रॅक्टर वापरत नाही.

दोर, शॅकल आणि बाकीचं सामान

नवा, स्टीलच्या गाभ्याचा, १७७० ग्रेडचा वायररोप साधारण असा तुटतो: २० मिमी २५ टनांना, २४ मिमी ३६ टनांना, २८ मिमी ४९ टनांना, ३२ मिमी ६५ टनांना. वापरायचा त्याचा पाचवा हिस्सा. म्हणजे २४ मिमीचा दोर सात टनांचा आणि २८ मिमीचा दहा टनांचा समजा. जुना असेल तर त्याहून कमी.

दोर हातात घेऊन बघायचा, लांबून नाही. चामडी हातमोजे घालून फडकं फिरवा. तुटलेली तार फडक्याला अडकते. दोराच्या एका पूर्ण पिळाच्या लांबीत दहा किंवा एकाच पेडात पाच तुटलेल्या तारा सापडल्या तर तो बाद. गाठ पडून मोडलेला, पिळ उलगडून फुगलेला, आतला गाभा बाहेर आलेला, गंजून तारा खडबडीत झालेला, हेही बाद. भंगारातून आणलेला जुना क्रेनचा दोर बाहेरून ग्रीस लावून काळा कुळकुळीत करतात. पिळ थोडा उघडून आत बघितल्याशिवाय तो घेऊ नका.

टोकाची कडी कारखान्यात दाबून बसवलेली किंवा नीट गुंफलेली हवी. यू-क्लिप लावून साइटवर केलेली कडी ओढीला नको. नाइलाज असेल तर २० मिमीला किमान चार क्लिपा, आणि क्लिपेचा पाया ताण घेणाऱ्या दोरावर, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट लावली की बोल्ट ताणाच्या दोराला चेचतो. गाठ मारून दोर वापरायचा नाही, कधीच. गाठीत दोराची ताकद निम्म्याच्या आसपास येते.

शॅकल म्हणजे दोर जोडायची पिनेची लोखंडी कडी. तिच्यावर टनांचा आकडा कोरलेला असतो. एक इंची साडेआठ टन, दीड इंची १७ टन, पावणेदोन इंची २५ टन, दोन इंची ३५ टन. कोरलेलं नाही ते वापरायचं नाही. पिनच्या जागी बोल्ट घालणं ही आपल्याकडची जुनी खोड. बोल्ट मऊ लोखंडाचा असतो, तो कापला जातो आणि शॅकल गोळीसारखं सुटतं.

साखळीचा मोह टाळा. ग्रेड ८० ची १३ मिमी साखळी सव्वापाच टनांची, १६ मिमीची आठ टनांची. पण साइटवर असते ती ट्रकला माल बांधायची, तिला ग्रेडच नसतो. आणि साखळी तुटण्याआधी काहीच सांगत नाही.

कुठे बांधायचं

पोकलेनला दोर ट्रॅकच्या फ्रेमला, मधल्या जाड बीमभोवती. पुढे-मागे ज्या छोट्या कड्या असतात त्या हलकं ओढायला असतात, रुतलेली मशीन काढायला नव्हे. मॅन्युअलमध्ये किती टनांच्या ते लिहिलेलं असतं. फ्रेमच्या धारेवर दोर घासू नये म्हणून लाकूड किंवा जुन्या टायरचा तुकडा घाला. बकेटचे दात, सिलिंडर, पायरी, काउंटरवेट, टाय रॉड, ट्रॅकचा पट्टा यांना हात लावायचा नाही.

दोन बाजूंना दोन पाय करून बांधलं तर मधल्या कोनाकडे लक्ष द्या. कोन ६० अंश असेल तर दहा टनांच्या ओढीत प्रत्येक पायावर पावणेसहा टन येतात. ९० ला सात टन. १२० ला प्रत्येकी पूर्ण दहा. म्हणून पाय लांब घ्या, कोन अरुंद ठेवा.

जेसीबीला पुढचा लोडर आर्म किंवा स्टिअरिंगचे भाग नकोत. चासिस किंवा कंपनीने दिलेली टो कडी. इंजिन बंद असेल तर स्टिअरिंग प्रचंड जड होतं आणि ब्रेकही हलके राहत नाहीत. गिअर न्यूट्रलला टाका आणि फक्त चिखलाबाहेर येईपर्यंतच ओढा. इंजिन बंद ठेवून लांब ओढत नेलं तर ट्रान्समिशनला तेल मिळत नाही.

रोलर आणि बंद पडलेली पोकलेन यांची गोष्ट वेगळी. यांचे पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतात आणि हायड्रॉलिक प्रेशरने सुटतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेक लागलेले. ते न सोडता ओढलं तर चिखल नाही, ब्रेकच ओढताय. ब्रेक हातपंपाने किंवा बोल्टने सोडता येतो, कंपनीनुसार पद्धत वेगळी. पोकलेनमध्ये फायनल ड्राइव्ह (ट्रॅक फिरवणारा गिअर) मोकळा करावा लागतो. हे काम मेकॅनिकचं. आणि ब्रेक सोडायच्या आधी चाकाला, ड्रमला दोन्हीकडून जाड अटक लावा, कारण त्यानंतर मशीनला धरणारं काहीच उरत नाही.

हायवात माल भरलेला असेल तर आधी रिकामा करा. २८ टनांच्या हायवातले सतरा-अठरा टन उतरवले तर निम्मं काम तिथेच झालं. पण कललेल्या जमिनीवर ट्रॉली उचलून माल ओतायचा नाही, गाडी आडवी होते. पोकलेनने किंवा हाताने उतरवा. हवेचा दाब गेला असेल तर मागचे ब्रेक लागलेले असतात. ते ब्रेक चेंबरच्या बोल्टने सोडायचे, पुन्हा आधी चाकाला अटक.

ओढायची रचना

जिकडून आत गेली तिकडूनच बाहेर. आलेल्या वाटेची जमीन दबलेली असते, पलीकडे काय आहे ते माहीत नसतं. ओढणारी मशीन घट्ट जमिनीवर, दोर शक्य तितका सरळ आणि जमिनीलगत. ओढणारी पोकलेन असेल तर दोर तिच्याही ट्रॅक फ्रेमला मागे खाली बांधा आणि केबिन पुढे वळवा, म्हणजे दोर तुटला तरी काउंटरवेट ऑपरेटरच्या आणि दोराच्या मध्ये येतं.

एका ओढीत जमत नसेल तर पुली लावा. मोठी स्नॅच पुली रुतलेल्या मशीनला बांधायची, दोराचं एक टोक ओढणाऱ्याला, दुसरं टोक पक्क्या आधाराला. आता ओढणाऱ्याने दहा टन लावले की मशीनवर जवळपास वीस टन येतात. मात्र पुली आणि तिच्या शॅकलवरही वीसच येतात, हे विसरून लोक दहा टनांची पुली लावतात. आधार म्हणून दुसरी पोकलेन बकेट जमिनीत रोवून उभी करा. विजेचा खांब, पुलाचा कठडा, आंब्याचं झाड हे आधार नाहीत. आंबा उपटला गेला तर नुकसानभरपाई वेगळीच.

माणसं कुठे उभी राहणार?

दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात ऑपरेटरांशिवाय कोणी नाही. ३० मीटर दोर असेल तर ४५ मीटर. पुली लावली असेल तर दोराने केलेल्या कोनाच्या आतल्या बाजूला तर कोणीच नाही. तिथेच सगळे उभे राहतात, कारण तिथून चांगलं दिसतं. गावात मशीन काढायची म्हणजे जत्रा. पोरं, मोबाइल, चहा. मी पोलीस पाटलांना किंवा एखाद्या दमदार नानांना फक्त गर्दी मागे ठेवायच्या कामाला लावतो. गावच्या माणसाचं गाव ऐकतं, माझं ऐकत नाही.

दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट किंवा माती भरलेली पोती लटकवा. दोर तुटला तर उसळी थोडी कमी होते. तारेच्या दोराला याचा भरवसा धरू नका, अंतरच खरं. दोर ताणलेला असताना ओलांडायचा नाही.

इशारा देणारा एकच माणूस, दोन्ही ऑपरेटरना दिसेल अशा ठिकाणी. शिट्टी त्याच्याकडे. पण 'थांबा' हा इशारा कोणीही द्यावा, अगदी चहा घेऊन आलेल्या पोराने दिला तरी थांबायचं.

मीही एकदा दोराजवळ उभा होतो. सिन्नरकडच्या एका साइटवर, भाड्याने आणलेला दोर, टोकाला क्लिपा. आधी बारीक टिक-टिक ऐकू आली. मला वाटलं ट्रॅकमध्ये खडा अडकलाय. तेवढ्यात ऑपरेटर मामा केबिनमधून ओरडला, "दादा, मागे सर!" आणि मी दोन पावलं मागे झालो. दोर कधी सुटला ते दिसलंच नाही. शेजारच्या बाभळीच्या खोडाची साल मांडीएवढ्या उंचीवर गोल सोलून निघालेली दिसली, आतलं पिवळं लाकूड ओलं. माझी मांडी तेवढ्याच उंचीवर होती. ती टिक-टिक म्हणजे आतल्या तारा एकेक करून तुटत होत्या. तेव्हापासून दोर ताणला की मी साइटवरचा आवाज बंद करायला लावतो, मोबाइलवरची गाणीसुद्धा.

ओढताना

रुतलेल्या मशीनच्या ट्रॅकशेजारी, मशीनला न टेकवता, दोन बांबू रोवा आणि फ्रेमवर खडूने रेघ मारा. ओढताना डोळ्याला वाटतं मशीन हलली. हलतो तो दोर. बांबूसमोरची रेघ सरकली तरच मशीन हलली.

ओढणारी मशीन अगदी सावकाश पुढे घ्या, दोराचा झोळ जाईपर्यंत. थांबा. शॅकल, पिन, पुली, कडा बघून या. आता हळूहळू जोर वाढवा. झटका नाही. ढिल्या दोराला पळत जाऊन झटका दिला की त्यावरचा ताण काही पटींनी वाढतो. जो दोर दहा टनांना आरामात टिकला असता तो तिथे तुटतो. रुतलेल्या मशीनमध्ये ऑपरेटर असेल तर तिचे ट्रॅक त्याच वेळी सावकाश फिरवायचे, ओढीच्या दिशेने. पूर्ण जोर लावून अर्धा मिनिट धरा. काळी माती लगेच सोडत नाही, पण धरून ठेवलं की हळूहळू सुटते. अर्ध्या मिनिटात रेघ सरकली नाही तर जोर सोडा आणि पुन्हा फावडी घ्या. तीन वेळा सरकली नाही तर रचनाच चुकली आहे. त्या वेळी मोठी क्रेन किंवा दुसरी मोठी पोकलेन बोलवायचा निर्णय घ्या. हायड्राबद्दल (चाकांवरची छोटी क्रेन) एक सूचना: ती घट्ट जमिनीवर उभी राहून उचलायला चांगली, पण चिखलाच्या काठावर बोलावली तर आता दोन मशिनी रुतलेल्या असतात.

मशीन हलू लागली की थांबवू नका, एकसारखी घट्ट जमिनीपर्यंत आणा. तिथे आल्यावर आधी दोर ढिला, मग सोडायचा. कोणाला लागलंच तर १०८ ला फोन, हायवेवर असाल तर १०३३. हे दोन नंबर ओढायला सुरुवात करायच्या आधी इशारेवाल्याच्या मोबाइलमध्ये भरून ठेवलेले असावेत.

बाहेर आल्यावर

मशीन लगेच कामाला लावू नका, मालकाचा कितीही तगादा असला तरी. ट्रॅकमधला, स्प्रॉकेटमधला, रोलरभोवतीचा चिखल त्याच दिवशी पाण्याने काढा. काळी माती सुकली की विटेसारखी होते आणि सकाळी पहिल्याच फेऱ्याला ट्रॅक उतरतो. ट्रॅकचा ताण बघा. फायनल ड्राइव्ह, ॲक्सल, गिअरबॉक्स यांतलं तेल थोडं काढून बघा. दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, बदला. होज कुठे ओढले, घासले गेले का बघा. सगळे ग्रीस पॉइंट भरा, जुनं चिखलाचं ग्रीस बाहेर पडेपर्यंत. जेसीबी, हायवाच्या ब्रेकमधला चिखल धुतल्याशिवाय उतारावरून गाडी न्यायची नाही.

मग दोराची पाळी. धुवा, सुकवा, पुन्हा फडकं फिरवा, तेल लावून मोठ्या गोल वेटोळ्यात छपराखाली ठेवा. शंका आली असेल तर ग्राइंडरने त्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे करा. नुसता कोपऱ्यात टाकलात तर पुढच्या जूनमध्ये, तुम्ही साइटवर नसताना, कोणीतरी तोच दोर काढून आणेल.